तापीच्या सासरी

“शिंदखेडा? म्हणजे जिजाऊंचे माहेर ना?”

पुण्या-मुंबईकडे कुणाशी नवी ओळख झाली की हा प्रश्न ठरलेला. ते सिंदखेड राजा, बुलढाणा जिल्ह्यातले. आमचे शिंदखेडा धुळे जिल्ह्यातले, बुराई नदीकाठचे, असे मी सांगतो. समोरच्या गृहस्थांचा चेहरा किंचित उतरतो. पण सभ्यपणा म्हणून ते विचारतात, “मग तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?” आली का पंचाईत! तालुक्याचे गाव. कापूस, ज्वारी, मिरची, आणि ऊन. ऊन मात्र हवे तितके. त्या उन्हाशी नाते सांगणारी एक नदी आमच्या तालुक्याच्या उत्तरेने वाहते. तापी ही सूर्याची कन्या, यमुनेची बहीण. मध्य प्रदेशात मुलताईला ती उगम पावते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळते. ही माहिती मी शाळेत पाठ केली होती. पण ती जिथे मिळते ते ठिकाण एकदा पाहावे, असे सत्तेचाळीस वर्षांत मला कधी वाटले नाही. ते वाटले माझ्या आईला.

आमच्या घरी आईला ‘माय’ म्हणतात. इथेही मी तसेच म्हणणार आहे.

मायची आणि तापीची ओळख जुनी. मुडावदला पांझरा तापीला मिळते. तिथे कपिलेश्वराचे देऊळ आहे. महाशिवरात्रीचे तिथले स्नान, लग्न होऊन या तालुक्यात आल्यापासून, मायने चुकवलेले नाही. स्नान झाले की पाण्यात दिवा सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत काठावर उभे राहायचे. लहानपणी मी विचारीत असे, “माय, दिवा कुठे जातो?” “सुरतेला,” ती सांगे. पुढे माझा धाकटा भाऊ बापू सुरतेला गेला. तेव्हापासून उत्तर थोडे बदलले. दिवा ‘बापूकडे’ जाऊ लागला.

बापू गेला १९९८ साली. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, विचार असा होता की एकाने शिकावे आणि एकाने शेत पाहावे. शिकणारा मी ठरलो होतो. अर्ध्या विहिरीच्या पाण्यावरचे ते शेत बापूला नको होते. एका रात्री शब्दाला शब्द वाढला आणि पहाटेच्या गाडीने तो निघून गेला. त्यानंतर तो सणावारी येई. आबा त्याच्याशी पाऊसपाण्याचे बोलत. पण ‘तुझे कसे चालले आहे’ एवढा प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि त्याच्या बिऱ्हाडी त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. २०११ साली आबा गेले. मग मायला जायला हरकत नव्हती. पण धनी जिथे गेले नाहीत तिथे आपण कसे जावे, असे काहीसे तिच्या मनात असावे. गेल्या दिवाळीत बापू नेहमीप्रमाणे म्हणाला, “माय, संक्रांतीला चल ना.” हे तो दर वर्षी म्हणतो. या वेळी माय म्हणाली, “येसू.” आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

मला रजा काढावी लागली, कारण गुजरातेत संक्रांत म्हणजे उत्तरायण, दोन दिवसांचा सण, आणि आमच्या कॉलेजला सुट्टी एकाच दिवसाची. सौ.ची तयारी एका बॅगेत मावली. मायच्या सामानात मात्र कळण्याचे पीठ, बिबडे, भरताची वांगी, तिळगुळाचा डबा आणि शिवाय एक कापडी पिशवी होती. ती पिशवी तिने कुणाला उघडू दिली नाही.

सुरत आम्हांला रेल्वेने दोनशेएक किलोमीटर. मुंबई त्याहून पुष्कळ लांब. खानदेशी माणूस पोटासाठी घराबाहेर पडला की पश्चिमेच्या गाडीत बसतो, यात नवल ते काय? हा लोहमार्ग मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने ‘ताप्ती व्हॅली रेल्वे’ या नावाने उभारला आणि १९०० च्या सुमारास तो सुरतेहून अमळनेरपर्यंत आला. खानदेशचा कापूस बाहेर न्यावा हा त्यातला मोठा हेतू. आता मार्ग दुहेरी झाला आहे, गाड्या विजेवर धावतात, आणि कापसाच्या गाठींपेक्षा माणसांच्या वळकट्याच अधिक जातात.

वाट मात्र रेल्वेहून कितीतरी जुनी. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेला उतरला आणि शाहजादा परवेझच्या भेटीला बऱ्हाणपूरला निघाला, तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा असाच. म्हणजे आमच्या अंगणातून. चोपड्याजवळ त्याला चोरांची भीती होती. आमच्या डब्यातही माझी एक चप्पल नाहीशी झाली, पण ती दोंडाईचाजवळ समोरच्या आजोबांच्या पायात सापडली. दोघांच्या चपला सारख्याच होत्या.

दोंडाईचा आले की मिरचीचा खकाणा नाकात जातो. नंदुरबारला तर मिरचीचा समुद्रच. हे शिरीषकुमार मेहतांचे गाव. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघालेला हा शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. तो गुजराती घरातला. आमच्या या पट्ट्यात कोण कुठल्या भाषेचा हे वेगळे काढत बसणे फारसे सोपे नाही. पुढे नवापूरला तर स्टेशनच दोन राज्यांत विभागलेले. १ मे १९६० रोजी सीमा आखली गेली ती फलाटावरूनच! तिथे एक बाक आहे. त्याचे एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरे गुजरातेत. गाडी थांबली तेव्हा सौ. उतरून त्या बाकावर अगदी मधोमध बसून आली. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे त्या बाकावर एका टोकाला जे चालते ते दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरते, असा विनोद एका सहप्रवाशाने केला. मायने त्याच्याकडे असे पाहिले की बिचारा बारडोलीपर्यंत गप्प होता.

नवापूरनंतर डोंगर आणि साग. सोनगडचा किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा. जवळच उकाई, १९७२ साली पुरे झालेल्या तिथल्या धरणात आमची तापी अडवलेली आहे. मग व्यारा, बारडोली, उसाचे हिरवेगार मळे. बारडोली म्हटले की १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाई आठवायचे, मी आठवू लागलो तोच माय म्हणाली, “पाणी शे आठे.” एवढ्या हिरव्या रंगावर तिचा तो एकच अभिप्राय.

उधन्याला उतरलो आणि मी चकितच झालो. आपण परप्रांतात आलो असे वाटेचना. फलाटावर हमालापासून चहावाल्यापर्यंत अहिराणीच कानी पडत होती. एका रिक्षावाल्याने मायच्या लुगड्याकडे पाहून विचारले, “कोनता गावना शेतस, मावशी?” तो निघाला अमळनेर तालुक्यातला. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारची लाखो माणसे राहतात. श्रावणात इथे कानबाई बसते. महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. माझ्या बी. ए.च्या वर्गातली जी मुले दर वर्षी दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, ती कुठे जातात हे मला माहीत होते. पण त्यांतला एक जण दिंडोलीच्या नाक्यावर साड्यांचा गठ्ठा स्कूटरवर बांधताना अचानक दिसला, आणि “सर, तुम्ही इथे?” म्हणून त्याने भर रस्त्यात पाय धरले, तेव्हा हजेरीपटावरची ती लाल शाईची फुली मला फार वेगळी दिसू लागली.

बापूचे घर दोन खोल्यांचे, वर गच्ची. तो मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करीत आला. आता भरतकामाच्या यंत्रावर मुख्य कारागीर आहे. त्याची बायको घरी साड्यांचे धागे कापते, लेस लावते. मायने घरात शिरल्यावर आधी चूल, म्हणजे गॅसची शेगडी, पाहिली. मग पाण्याची टाकी पाहिली. मग भिंतीवर आबांचा फोटो पाहिला. फोटोला ताजा हार होता. ती काही बोलली नाही.

थोरली पुतणी मराठी शाळेत शिकली. धाकट्या पुतण्याला मात्र बापूने गुजराती शाळेत घातले आहे. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मला ते लागले, आणि मी लागलेच तसे बोलून दाखवले. “दादा, मराठी घरात आहेच की,” बापू म्हणाला. “पण इथे धंदा गुजरातीत चालतो. आणि तुझा चिरंजीव कोणत्या शाळेत जातो?” माझा चिरंजीव इंग्रजी शाळेत जातो. विषय तिथेच संपला. संध्याकाळी त्या पोराने आजीला आपले नाव मराठीत लिहून दाखवले. अक्षरे बरोबर होती, फक्त वरची रेघ नव्हती; गुजरातीत ती नसते. माय निरक्षर. तिला ते उत्तमच वाटले.

उत्तरायणाचे वर्णन करायला लेखणी नव्हे, चरखी हवी. (मांजा गुंडाळायच्या फिरकीला सुरती चरखी म्हणतात.) आधी आठवडाभर रस्त्याकडेला दोरा ताणून त्यावर काचेची पूड आणि गुलाबी रंग चढवण्याचे काम चालते. चौदा जानेवारीला पहाटेपासून सारे शहर गच्चीवर. उंधियूसाठी रांगा. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण अशी म्हणच आहे. त्यातला पहिला भाग आम्ही मनापासून अनुभवला. सुरतेचे जुने नाव सूर्यपूर होते अशी तिथली परंपरा सांगते. त्या दिवशी डोक्यावरचे लख्ख, तरी कोवळे ऊन पाहून ते सहज पटते. आमच्याकडचे ऊन भाजते, इथले समुद्राच्या वाऱ्यात भिजून येते. दुपारी तापीकाठी पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा, शेव आणि लिंबू यांच्यासह. भाव ऐकून माय थक्क झाली. हुरडा का कुणी विकत घेतो? तिने आयुष्यभर तो शेतावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओंजळीत ओतला होता. बापू पैसे देत असताना ती तोंड फिरवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जुने शहर पाहिले. चौक बाजारातला किल्ला सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधला. अलीकडे तो नीट दुरुस्त करून तिथे संग्रहालय केले आहे. मक्केच्या यात्रेकरूंसाठी १६४४ साली बांधलेल्या मुगलसराईत आज महानगरपालिकेची कचेरी आहे. १९९४ च्या प्लेगच्या साथीनंतर याच कचेरीने शहर असे झाडून काढले की त्याची वाहवा देशभर झाली. कतारगामच्या रस्त्याला इंग्रज आणि वलंदाज व्यापाऱ्यांची थडगी आहेत. कसली थडगी, छोटे महालच ते! त्यांतल्या एकात जॉर्ज ऑक्झेंडन आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. सुभेदार इनायतखान तर किल्ल्यात दडून बसला होता. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. पुढे १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात टिळकांच्या मंडळींनी जो गोंधळ उडवला, त्यात व्यासपीठावर पडलेला जोडाही मराठीच होता म्हणतात. असा आमचा सुरतेतला लौकिक. आता मराठी माणूस इथे येतो तो जेवणाचा डबा घेऊन, आणि महिनाअखेर घरी पैसे पाठवतो. हिऱ्यांचेही बोलायला हवे, पण घरात हिरा नसलेल्याने काय बोलावे? जगातले बहुतेक हिरे इथे पैलू पाडून घेतात आणि २०२३ पासून त्यांच्यासाठी एक अवाढव्य बाजार-इमारत उभी आहे, एवढे सांगून थांबतो.

एक गोष्ट मात्र मला तिथल्या घाटावर उभे असताना सुचली. एवढे मोठे हे बंदर मागे का पडले? मुंबई वाढली हे एक कारण. दुसरे कारण गाळ. तापीच्या मुखात गाळ साचत गेला. मोठी गलबते आधीपासूनच बाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि माल होड्यांनी येई. हा गाळ कुणाचा? सातपुड्याच्या आणि खानदेशच्या काळ्या मातीचा. म्हणजे महाराजांनी दोन स्वाऱ्या केल्या, पण आमची शेते पावसाळ्यागणिक सुरतेवर चालून येतच होती!

शेवटच्या दिवशी डुमसला गेलो. शहरापासून वीसेक किलोमीटर. समुद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकण येते, निळे पाणी आणि माड येतात. तसले इथे काही नाही. वाळू काळी, पाणी मातकट, आणि ओहोटी असली की समुद्र दूर कुठेतरी निघून गेलेला. पलीकडे हजीऱ्याच्या कारखान्यांची धुराडी. सौ.ची थोडी निराशा झाली. माय मात्र बराच वेळ बघत होती.

“आपली तापी आठे येस का?”

“हां माय. ती बघ, त्या धुराड्यांच्या अलीकडून.”

मायने वाकून चिमूटभर वाळू उचलली, बोटांवर चोळली आणि म्हणाली, “हाई ते आपली माती शे.”

मग तिने ती पिशवी उघडली. आत हिरवा खण, नारळ, तांदूळ, बांगड्या, हळदकुंकू आणि तिळगूळ. ओटीचे सामान! “लेक सासरी असते,” ती सौ.ला म्हणाली, “पहिल्यांदा तिच्या घरी आलो, ओटी नको भरायला?” आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. मायचा एवढाच तक्रारीचा सूर, की ही एक लेक अशी की कुठल्याच आखाजीला परत आली नाही. बापूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मायचा हात धरला आणि चिखल तुडवीत तिला पाण्यापर्यंत घेऊन गेला. आम्ही काठावर. नारळ लाटेबरोबर परत आला. एका पोराने तो पळवला. मायने त्यालाच हाक मारून तिळगूळ दिला.

काठावर टोमॅटोची भजी मिळतात. ती डुमसची खासियत. चार प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आम्ही बसलो आणि बापू पुराचे बोलू लागला. ऑगस्ट २००६. उकाईतून सुटलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा तो कतारगामच्या बाजूला तळमजल्याच्या खोलीत राहत असे. रात्री पाणी शिरले ते माळ्यापर्यंत. नवी नवरी आणि एक ट्रंक घेऊन तो घरमालकाच्या गच्चीवर गेला. दोन दिवस वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी खिचडी घातली. “मुडावदचे पाणी माझ्या घरात आले, पण घरचे कुणी आले नाही,” तो हसत म्हणाला. हसण्यात जरा कमीजास्त होते. “फोन लागत नव्हते हे मला कळते, दादा. तू धडपड केलीस हेही ठाऊक आहे. पण नंतरही आबांनी एका शब्दाने विचारले नाही.”

मलाही ते दिवस आठवत होते. तापीला आमच्याकडेही पूर होता; तो पाहायला मी मुडावदला गेलो होतो आणि घरी येऊन दूरदर्शनवर सुरत पाहिली होती. बापूचा फोन लागत नव्हता. आणि आबा रोज सकाळी ‘शेतात जातो’ म्हणून भर पावसात निघून जात. पोरगा तिकडे पाण्यात आणि याला शेत सुचते, असे मी तेव्हा मनात म्हणालो होतो. पुढेही म्हणत आलो.

मायने हातातले भजे खाली ठेवले. आबा शेतात जात नव्हते, ती म्हणाली. ते स्टेशनवर जात. सुरतेकडून जी काही गाडी येईल, तिच्यातून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारीत, कतारगाम कुणी पाहिले का? तीन दिवस. दिवसभर पोटात अन्न नव्हते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा एक जण उतरला; त्याने बापूला गच्चीवर पाहिले होते. त्या रात्री आबा जेवले. आणि मायला म्हणाले, पोरांना सांगायचे नाही. तिने शब्द दिला होता.

बापू उठला. “आणखी एक प्लेट आणतो,” म्हणाला आणि गाड्यांच्या रांगेकडे गेला. आमच्यासमोर दोन प्लेटा भरलेल्याच होत्या. तो बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने आला. कुणी काही विचारले नाही. भरती सुरू झाली होती, खुर्चीवाला खुर्च्या मागे घ्या म्हणून ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी उधना स्टेशनावर सामान चढवताना लक्षात आले की मायची पिशवी सामानात नाही. ती फलाटावर नातवाचा हात धरून उभी. “तुम्ही जा,” म्हणाली. “मी आखाजीले येसू.”

सौ.ने मला कोपराने ढोसले. मी काही बोलू नये असा त्याचा अर्थ. गाडी सुटल्यावर तिने बापूच्या बायकोने दिलेला डबा उघडला. वर मायने स्वतः केलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या, खाली साजूक तुपात माखलेल्या सुरती घाऱ्या.

आखाजीला माय आली. पोचवायला बापू आला होता, सहकुटुंब. चार दिवस राहिला. एका संध्याकाळी तो एकटाच शेतावर जाऊन आला, विहिरीत डोकावला, आणि घरी येऊन पाणी किती हातांवर आहे ते सांगितले. सुरतेचे लोक आमरसाबरोबर खाजा खातात म्हणून त्याने तो आणला होता. आमच्याकडे रसाबरोबर खापरावरचे मांडे. मायने दोन्ही पानात वाढले.